सोमवारी नवा कंत्राटदार आणू नका

प्रश्न : राहत्या घराची दुरुस्ती आणि वर एक मजला असं काम आम्ही एका कंत्राटदाराला मटेरियलसकट दिलं. करार दोन पानी, मुदत आठ महिन्यांची. आज चौदा महिने झाले, आम्ही चौघं तळमजल्यावरच्या एका खोलीत राहतोय. वरचा स्लॅब पडलाय, पण जुन्या भिंतीला नवं बांधकाम जिथे जोडलंय तिथून पाणी झिरपतं. पैसे जवळपास सगळे दिले आहेत. आता तो एक्स्ट्रा कामाचं बिल मागतोय आणि ते मिळेपर्यंत माणसं पाठवणार नाही म्हणतोय. शिवाय तुम्ही घर रिकामं केलं नाही म्हणूनच उशीर झाला, असंही ऐकवतो. आम्ही दुसरा कंत्राटदार ठरवला आहे, तो सोमवारपासून काम सुरू करेल. पहिल्याकडून जास्तीचा खर्च आणि नुकसानभरपाई कशी वसूल करायची?

उत्तर : अशा पत्रांना तोटा नाही. कुठे वर मजला असतो, कुठे मागच्या बाजूला दोन खोल्या, बाकी मजकूर तोच. कंत्राटदार चुकला की नाही यावर मी शब्द खर्च करत नाही. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे : सोमवारपासून दुसरा येणार. तो या सोमवारी येता कामा नये.

कारण विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम २०. वकील मंडळी त्याला स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट म्हणतात. कायदा १९६३ चा असला तरी हे कलम १ ऑक्टोबर २०१८ पासून नव्या रूपात लागू आहे. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर समोरच्याने काम अर्धवट टाकल्यावर ते दुसऱ्याकडून पूर्ण करून घ्यायचा आणि झालेला खर्च पहिल्याकडून मागायचा हक्क हे कलम तुम्हाला देतं. मात्र त्याआधी त्याला किमान ३० दिवसांची लेखी नोटीस गेली पाहिजे. अमुक मुदतीत काम पूर्ण कर, नाहीतर मी दुसऱ्याकडून करून घेईन, असं त्यात स्पष्ट हवं. त्याने नकार दिला किंवा मुदत उलटली, की मगच दुसरा माणूस. खर्चही प्रत्यक्ष काम करून घेतल्यावरच मागता येतो, नव्या कंत्राटदाराच्या नुसत्या अंदाजपत्रकावर नाही. आणि एकदा हा मार्ग धरला, की पहिल्याने स्वतः येऊन काम पूर्ण करावं अशी मागणी कोर्टात करता येत नाही.

तुम्ही चौदा महिने थांबलात आणि आता तुम्हाला ३० दिवस थांबवत नाही, हे मला नेहमीच कोड्यात टाकतं.

यावर कुणी सांगेल की नोटीस नसली तरी करार कायद्याच्या कलम ७३ खाली नुकसानभरपाई मागता येतेच. खरं आहे. कलम २० मध्येही भरपाईचा हक्क शाबूत ठेवला आहे. कलम ७३ च्या उदाहरणांत तर तुमच्यासारखाच माणूस आहे : आगाऊ पैसे घेऊन घर दुरुस्त केलं, पण कराराप्रमाणे केलं नाही, तर ते कराराप्रमाणे करून घ्यायला लागणारा खर्च मालकाला मिळतो. पण तिथे कंत्राटदाराचा वकील पहिला प्रश्न विचारेल, 'मला दोष दाखवून ते सुधारायची संधी कधी दिली?' नोटीस नसेल तर याचं उत्तर तुमच्याकडे नाही. असली तर हा प्रश्नच उरत नाही. सरळ रस्ता असताना आडवाटेने का जायचं?

दुसरं कारण कायद्याचं नाही, सिमेंटचं आहे. नवा कंत्राटदार आला की पहिल्याच दिवशी तो जोड फोडणार, वॉटरप्रूफिंग करणार, वर प्लास्टर चढवणार. मग गळती कशामुळे होती? जुन्या आणि नव्या काँक्रीटचा सांधा नीट बांधला नव्हता, सळई जुन्या बीममध्ये पुरेशी आत गेली नव्हती, की स्लॅबवर पाणीच धड मारलं नव्हतं? हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून नोटीस जाण्यापूर्वी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी अहवाल घ्या. किती काम झालं, किती उरलं, कुठे काय दोष आहे, हे मोजमापांसह आणि तारीख असलेल्या फोटोंसह त्यात यावं. पाहणीच्या दिवशी हजर राहा असं कंत्राटदाराला आधी लेखी कळवा. तो बहुधा येणार नाही. तरी कळवा. घरच्या घरी केलेल्या अशा पाहणीला कोर्ट कमिशनरच्या, म्हणजे कोर्टाने पाहणीसाठी नेमलेल्या माणसाच्या, पाहणीचं वजन नसतं, पण दिवाणी न्यायालयातून कमिशनर नेमून घेईपर्यंत तुमच्या छताचं काय होईल, याचा विचार करा.

आता उशिराबद्दल. आठ महिन्यांची मुदत होती, सहा महिने जास्त झाले, म्हणजे भरपाई पक्की, असं तुम्ही धरून चालला आहात. मी धरणार नाही. बांधकामाच्या करारात तारीख लिहिली म्हणून वेळ हा कराराचा गाभा, म्हणजे ती चुकली की करार रद्द करता येईल असा, ठरतोच असं नाही. हिंद कन्स्ट्रक्शन कॉन्ट्रॅक्टर्स विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाहिलं ते हे : करारात मुदतवाढीची किंवा उशिराबद्दल दंडाची सोय असेल, तर पक्षकारांनीच वेळ गाभा मानली नव्हती असं म्हणावं लागतं. तुमच्या दोन पानांत काय आहे मला माहीत नाही. त्यात आठवड्यामागे दंड लिहिलेला असेल, तर तोच तुमच्याविरुद्ध वाचला जाऊ शकतो. वेळ गाभा नसली तर उशिरामुळे करार रद्द करता येत नाही, झालेल्या नुकसानीची भरपाई मात्र मागता येते.

त्याहून वाईट गोष्ट करार कायद्याच्या कलम ५५ च्या शेवटच्या परिच्छेदात आहे. वेळ गाभा असली आणि ती चुकली, तरी उशिराने केलेलं काम तुम्ही स्वीकारलंत आणि स्वीकारताना 'भरपाईचा हक्क राखून ठेवत आहे' असं कळवलं नाहीत, तर उशिराची भरपाई मागता येत नाही. आठव्या महिन्यानंतरही तुम्ही हप्ते देत राहिलात. व्हॉट्सॲपवर 'ठीक आहे, पुढच्या महिन्यात तरी करा' असं एखादं वाक्य नक्की असणार. प्रत्येकाच्या फोनमध्ये असतं. कंत्राटदाराचा वकील तेच छापून आणेल आणि म्हणेल, ही घ्या मुदतवाढ. फोनवर तासन् तास भांडायचं आणि लिहिताना मात्र सौजन्य दाखवायचं, ही आपली सवय आहे. कोर्टापुढे येतं ते सौजन्य.

म्हणून मागच्या सहा महिन्यांच्या भरपाईची फार आशा धरू नका. पुढचं मात्र तुमच्या हातात आहे. कलम २० साठी जी नोटीस पाठवायची, तिच्यातच लिहा की याआधी दिलेली सवड हा उदारपणा होता, हक्क सोडलेला नाही, आणि आता दिलेली मुदत हा कराराचा गाभा आहे. मुदत वाजवी हवी. इंजिनिअरने उरलेल्या कामाला दोन महिने लागतील असं लिहिलं असेल, तर ३१ दिवसांत सगळं उरकायला सांगणं कोर्टाला पटणार नाही. अशा वेळी टप्पे पाडा : अमुक दिवसांत माणसं आणि माल जागेवर, अमुक दिवसांत गळती बंद, बाकीचं त्यानंतर. पहिला टप्पाही ३० दिवसांच्या आत ठेवू नका.

आता तो 'घर रिकामं केलं नाही' हा मुद्दा. त्याला हसण्यावारी नेऊ नका, राहत्या घरातल्या कामात कंत्राटदाराचा तोच सगळ्यात चांगला बचाव असतो. करार कायद्याच्या कलम ६७ नुसार काम करायला लागणाऱ्या वाजवी सोयी मालकाने दिल्या नाहीत, तर त्यामुळे न झालेल्या कामाची जबाबदारी कंत्राटदारावर राहत नाही. आणि या कलमाखाली कायद्याने दिलेलं एकमेव उदाहरण घरदुरुस्तीचंच आहे : घरात कुठे दुरुस्ती हवी हे मालक दाखवायलाच तयार नाही. पण बचावाचा कणा 'त्यामुळे' या भागात आहे. तुम्ही तळमजल्यावर झोपत होतात म्हणून वरच्या मजल्याची वीटकामं का थांबली, हे त्याला दाखवावं लागेल. खालच्या खोल्यांचं प्लास्टर, फरशी, वायरिंग याबाबत मात्र त्याच्या म्हणण्यात दम असू शकतो. कोणती खोली कोणत्या तारखेला रिकामी करून दिलीत, दुपारी काम बंद ठेवायला सांगितलंत का, पाणी किंवा वीज कधी तोडलीत का, हे आठवून लिहून काढा. आणि नोटिशीत तुमच्या बाजूने देऊ करा : अमुक तारखेपासून अमुक खोली रिकामी, कामाच्या वेळा या, किल्ली यांच्याकडे. मग पुढच्या काळापुरता तरी हा बचाव लंगडा होतो. कामाच्या काळात तुम्ही घरातच राहणार हे करार करताना त्याला माहीत होतं, हेही लिहा. लेखी पुरावा असेल तर उत्तम.

या मुदतीत सगळं गळत ठेवून बसा असं मी म्हणत नाही. उघड्या वायरी, ढिली सेंट्रिंग, वाकलेला कठडा असं जिवाशी खेळणारं काही असेल तर आजच बंदोबस्त करा. पाणी अडवायला वरून ताडपत्री घाला. नुकसान वाढू न देणं तुमच्याकडून अपेक्षितच आहे. फक्त आधी फोटो, मग काम, आणि खर्चाची पावती. कायमस्वरूपी काहीही फोडू किंवा झाकू नका.

एक्स्ट्रा बिलाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. तुमच्या सांगण्यावरून बाथरूमची जागा बदलली किंवा एखादी भिंत वाढवली असेल आणि ते तुम्ही वापरणार असाल, तर लेखी ठरलं नव्हतं म्हणून त्याचे पैसे बुडत नाहीत. करार कायद्याचं कलम ७० तेच सांगतं, आणि पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल या १९६१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाच्या बाबतीतच ते लागू केलं. मात्र न मिळालेल्या एक्स्ट्रासाठी मूळ काम अडवून धरायचा त्याला हक्क आहे का, हे तुमच्या करारातल्या हप्त्यांच्या अटींवर अवलंबून आहे. त्याच्याकडून बाबवार हिशेब मागा. जेवढं कबूल आहे तेवढं लेखी कबूल करा, बाकीचं लेखी नाकारा.

वसुली कुठे? घरबांधणी ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली 'सेवा' आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयात एमार एमजीएफ प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट झालं आहे. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. तक्रारीचं कारण नेमकं कधी घडलं यावर वाद घालता येतो, पण तो वाद ओढवून घेऊ नका, ठरलेली तारीख चुकली तिथपासून मोजा. म्हणजे सहा महिने आधीच गेले. विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि मालाची तपासणी लागत असेल तर पाचांत, निकाल लावायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. ती मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवू नका. तारखा पडतील. म्हणूनच कागद आज नीट हवेत, दोन-तीन वर्षांनी कुणाला काही आठवणार नाही.

व्हॉट्सॲपचे संदेश पुराव्यात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. तोवर फोन बदलू नका, चॅट पुसू नका. नोटीस स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, शिवाय ईमेल आणि व्हॉट्सॲपवरही.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेलीच नाही : वरचा मजला मंजूर नकाशाप्रमाणे आहे का? महाराष्ट्रातली जागा धरून बोलते. बाल्कनी पुढे आली असेल, सामासिक अंतर, म्हणजे घराभोवती सोडायची मोकळी जागा, खाल्लं असेल किंवा परवानगीच घेतली नसेल, तर १९६६ च्या नगररचना कायद्याखाली नोटीस घरमालकाला येते, आणि तुमची नोटीस मिळाल्यावर दुखावलेला कंत्राटदारच तक्रार करतो, हेही पाहिलं आहे. अशी नोटीस आलीच तर तिच्यात दिलेल्या मुदतीतच बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीसाठी कलम ५३ (३) प्रमाणे अर्ज करता येतो. तो मंजूर होईलच असं मी सांगू शकत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर येईल तेव्हा त्याला नकाशाही हातात द्या. प्रत्यक्षात फरक निघाला, तर तक्रारीच्या मसुद्यात 'मंजूर नकाशाप्रमाणे' हे दोन शब्द लिहायच्या आधी तुमच्या वकिलाला तो दाखवा.