ब्रिटनमध्ये मुलांच्या ग्रुपमध्ये काम करायचंय? तयारी पुण्यातूनच सुरू करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका ट्रेकिंग ग्रुपच्या मुलांच्या शिबिरांत तुम्ही बरीच वर्षं ताई म्हणून विनामोबदला काम करताय. आता मिस्टरांच्या नोकरीमुळे लीड्सला यायचं ठरलंय. इथे स्काउट्समध्ये आणि रविवारच्या मराठी शाळेत हातभार लावायची इच्छा आहे, नऊ वर्षांच्या मुलीलाही कुठेतरी घालायचंय. कागद कोणते लागतील, आणि पुण्यापेक्षा वेगळं काय असेल? मी स्वतः पुण्याच्या अशाच शिबिरांत वाढले, आणि इथे या दोन्ही प्रकारच्या ठिकाणी काम करते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कागद, कारण त्यातला एक निघण्याआधीच काढलेला बरा. तो म्हणजे पासपोर्ट ऑफिसचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पीसीसी. पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज करायचा, ५०० रुपये भरायचे आणि मुंढव्याच्या केंद्रावर अपॉइंटमेंट घ्यायची. गरज पडली तर तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्यातून पडताळणी होते. स्थानिक पोलिसांकडून मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला वेगळा, त्यावर विसंबू नका. इथे आल्यावरही पीसीसी निघतं, पण मग व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीमार्फत भारतीय वकिलातीकडे अर्ज करावा लागतो आणि नव्या घराच्या गडबडीत ते मागे पडतं.

हे लागतं अशासाठी की इथली डीबीएस तपासणी फक्त इथल्या नोंदी बघते. डीबीएस म्हणजे डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस. ही इंग्लंड आणि वेल्ससाठी आहे, स्कॉटलंडमध्ये त्याच कामासाठी पीव्हीजी नावाची वेगळी योजना आहे. कालपर्यंत कोथरूडला राहणाऱ्या माणसाबद्दल डीबीएसला काहीच माहीत नसतं, त्यामुळे तुमचा दाखला स्वच्छ येणार हे उघडच आहे. नीट चालवलेली संस्था म्हणूनच नव्याने आलेल्या माणसाकडे मूळ देशाचा दाखला मागते. कुणी मागितला तर वाईट वाटून घेऊ नका. कुणीच मागितला नाही, तर आपणहून द्या.

मुलांसोबत देखरेखीशिवाय नियमित काम करायचं असेल तर 'एन्हान्स्ड' दर्जाची तपासणी होते आणि बंदी घातलेल्या लोकांच्या यादीशीही नाव ताडून पाहतात. नियमित म्हणजे आठवड्यातून एकदा, किंवा ३० दिवसांत ४ दिवस, किंवा एखादी रात्र मुक्काम. हा अर्ज स्वतःहून करता येत नाही, संस्था करते. स्वयंसेवकांसाठी डीबीएसची फी नाही. गेल्या ५ वर्षांतले सगळे पत्ते द्यावे लागतात. पुण्यात भाड्याची घरं बदलली असतील तर पिनकोड आणि तारखांसकट आत्ताच लिहून ठेवा. दाखला तुमच्या घरी येतो. तो निघाल्यापासून ३० दिवसांच्या आत 'अपडेट सर्व्हिस'ला नोंदणी करा, तीही स्वयंसेवकांना फुकट आहे. मग स्काउट्ससाठी केलेली तपासणी मराठी शाळेलाही ऑनलाइन पाहता येते. डिपेंडंट व्हिसावर स्वयंसेवेला अडचण नाही. मात्र पुढे आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आले आणि कुणी म्हणालं, 'आजी शाळेत गोष्टी सांगतील का?', तर लक्षात ठेवा: त्या व्हिसावर फक्त नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी, आणि एकूण ३० दिवसच स्वयंसेवा करता येते. आणि आजी असल्या तरी त्यांना एकट्याने वर्ग द्यायचा नाही.

ही व्यवस्था एका दुःखद घटनेतून उभी राहिली. ऑगस्ट २००२ मध्ये केंब्रिजशायरमधल्या सोहम या गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी तिथल्या शाळेचा केअरटेकर होता. त्याच्याविरुद्धच्या आधीच्या तक्रारी दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडे आल्या होत्या, पण नोकरीवर घेताना त्या कुणाच्या समोर आल्याच नाहीत. या प्रकरणाच्या बिचर्ड चौकशीचा अहवाल २००४ मध्ये आला, २००६ मध्ये कायदा झाला आणि २०१२ मध्ये जुन्या दोन संस्था एकत्र करून डीबीएस उभी राहिली.

आता मला खरं सांगायचंय ते. स्वच्छ दाखल्याचा अर्थ इतकाच, की हा माणूस आजवर पकडला गेलेला नाही. क्रू अलेक्झांड्रा क्लबचा फुटबॉल प्रशिक्षक बॅरी बेनेल १९८० च्या दशकात मुलांवर अत्याचार करत होता, तेव्हा त्याच्यावर एकही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. मुलं त्याच्या घरी राहायला जात, आणि पालक आनंदाने पाठवत, कारण तो मुलांचा लाडका होता आणि पोराचं करिअर त्याच्या हातात होतं. २०१६ मध्ये अँडी वुडवर्ड हा माजी खेळाडू नाव उघड करून बोलला, त्यानंतर कित्येक जण पुढे आले आणि २०१८ मध्ये बेनेलला जन्माची अद्दल घडेल इतकी मोठी शिक्षा झाली. त्या काळात दाखला मागितला असता तरी तो कोराच निघाला असता. मोठा माणूस आणि मूल एकटे सापडणारच नाहीत अशी कामाची रचना असती, तर मात्र त्याला संधी मिळाली नसती. सेफगार्डिंगचं, म्हणजे मुलांना अत्याचारापासून जपण्याच्या व्यवस्थेचं, मर्म मला यात दिसतं.

आणि नेमकी इथेच आपली पुण्याची सवय आड येते. आपल्याकडे स्वयंसेवक म्हणजे दादा किंवा ताई. शिबिर संपलं तरी नातं संपत नाही. दादा घरी जेवायला येतो, दहावीत गणित शिकवतो, घरात भांडण झालं तर मुलगा आधी दादाला फोन करतो. नदीपात्रातला ढोलाचा सराव संपायला उशीर झाला तर दादा बाइकवर घरी सोडतो आणि आई म्हणते, 'दादा होता ना, मग काळजी नाही.' राजगडावर पद्मावती मंदिरात सगळी मुलं आणि दादा-ताया एका ओळीत झोपायच्या. माझं घडणं या मायेतून झालंय, तिच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण ज्याचा हेतू वाईट आहे त्याला हवं असतं ते सगळं याच मायेत आयतं मिळतं: एकांत, पालकांचा डोळे झाकून विश्वास, आणि 'दादाबद्दल असं कसं बोलू' हा मुलाच्या मनातला अडसर.

इथे ती माया कमी करत नाहीत, ती चारचौघांत आणतात. स्काउट्समध्ये प्रत्येक मोठ्या माणसाला एक पिवळं कार्ड देतात, 'यलो कार्ड' म्हणूनच ते ओळखलं जातं. त्यातल्या गोष्टी साध्या आहेत. मुलासोबत एकटं राहायचं नाही, दुसऱ्यांच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं. तंबू मोठ्यांचे वेगळे, मुलांचे वेगळे. मुलाला खासगी मेसेज करायचा नाही, निरोप पालकांना किंवा ग्रुपवर, जिथे दुसरा मोठा माणूस वाचतो आहे. एकट्या मुलाला गाडीतून सोडायचं नाही. आई घ्यायला आली नाही तर दोघांनी थांबायचं. ट्रेकला कुणाचा पाय मुरगळला तरी त्याला घेऊन एकट्याने खाली उतरायचं नाही. म्हणूनच माणसांची संख्या आधी ठरते. मुलांच्या संरक्षणासाठी काम करणारी एनएसपीसीसी ही संस्था चार ते आठ वर्षांच्या ६ मुलांमागे एक, नऊ ते बारासाठी ८ मुलांमागे एक आणि त्यापुढे १० मुलांमागे एक मोठा माणूस सुचवते. मुलं थोडी असली तरी मोठी माणसं किमान दोन. तुमच्या पुण्याच्या शिबिरात चाळीस मुलांमागे किती जण असतात, ते एकदा मोजून बघा.

सुरुवातीला हे तुम्हाला कोरडं वाटेल. रडणाऱ्या मुलाला जवळ घ्यायचं नाही का, असा प्रश्न मलाही पडला होता. घ्यायचं, सगळ्यांसमोर, मुलाला हवं असेल तर आणि हवं तेवढंच. या नियमांमुळे स्वयंसेवकाचंही रक्षण होतं: उद्या कुणी शंका घेतली तर पाहणारा दुसरा माणूस तिथे होता.

सर्वांत अवघड भाग म्हणजे मूल काही सांगू लागतं तो क्षण. 'ताई, कुणाला सांगणार नाहीस ना?' असं ते विचारतं. पुण्यात आपण चटकन 'नाही गं, शप्पथ' म्हणतो. इथल्या प्रशिक्षणात पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की असं वचन द्यायचं नाही. 'मला काळजी वाटली तर मदत करू शकणाऱ्या माणसाला सांगावं लागेल' हे आधीच सांगायचं. मग ऐकायचं. स्वतः तपास करायचा नाही, 'त्याने असं केलं का?' असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारायचे नाहीत, त्या माणसाला जाऊन जाब विचारायचा नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह, त्याच दिवशी लिहायचे आणि संस्थेच्या सेफगार्डिंग लीडकडे द्यायचे. तक्रार स्वयंसेवकाविरुद्धच असेल तर ती एका कामाच्या दिवसात कौन्सिलच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, ज्याला इथे लाडो म्हणतात, जायला हवी. कमिटीने आपसांत बैठक घेऊन 'समज देणं' हा पर्याय नाही.

आणि आता मराठी शाळेबद्दल, जरा कळकळीने. स्काउट्समागे मोठी संघटना आहे, तिथे यंत्रणा आपोआप चालते. आपल्या रविवारच्या शाळा भाड्याच्या हॉलमध्ये चालतात, शिकवणारे आपणच, कमिटीही आपणच. ऑफस्टेड, म्हणजे शाळा तपासणारी इथली सरकारी संस्था, अशा वर्गांची तपासणी करत नाही. २०२० पासून सरकारची मार्गदर्शक सूचना आहे, पण ती बंधनकारक नाही. म्हणजे शाळा कशी चालवायची हे बरंचसं आपल्या मनावर. मला माहीत असलेल्या एका शाळेत डीबीएसचा विषय निघाला तेव्हा एक ज्येष्ठ काका दुखावले. 'इतकी वर्षं मुलांत काढली, आता पोलिसांचा दाखला आणू?' सगळे गप्प झाले, कारण त्याच काकांनी निम्म्या लोकांना इथे आल्यावर घर शोधायला मदत केली होती. परक्या गावात आपण एकमेकांवर किती अवलंबून असतो, हे तुम्हाला आल्यावर कळेल. त्यामुळेच इथे 'नाही' म्हणणं पुण्यापेक्षाही कठीण जातं. शेवटी अध्यक्षबाईंनी स्वतःचा अर्ज सगळ्यांसमोर पहिला भरला आणि सांगितलं, नियम सगळ्यांना, अगदी मुलांच्या आयांनाही. काकांनी पुढच्या महिन्यात भरला. तुम्ही नव्या असाल, प्रश्न विचारणारी नवखी बाई म्हणून बघतील. तरी विचारा.

मुलीसाठी तर विचाराच. इथे सेफगार्डिंग लीड कोण? त्यांच्याविरुद्धच तक्रार असेल तर कुणाकडे जायचं? टॉयलेटला मुलं कशी जातात? मला मध्येच येऊन बसता येईल का? चांगल्या ठिकाणी ही उत्तरं अडखळत येत नाहीत, बऱ्याचदा भिंतीवर लावलेली असतात. विचारल्यावर कुणी चिडलं, तर मुलीला तिथे ठेवू नका.

अजून एक, ज्याचा विचार निघायच्या धावपळीत राहून जातो. पहिले काही महिने तुमची मुलगी एकटी असेल. मैत्रिणी सुटलेल्या, इंग्रजी येत असलं तरी इथले उच्चार कळत नाहीत, आणि आईबाबा नव्या संसारात गुंतलेले. अशा मुलाला जास्तीचा वेळ देणारा, छोट्या भेटी आणणारा, 'हे आपल्या दोघांचं' म्हणणारा मोठा माणूस देवासारखा वाटतो. मुलांना जाळ्यात ओढणारे नेमकं असंच एकटं मूल हेरतात. तिला शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं दोन्ही भाषांत, न लाजता सांगता येऊ द्या. मोठ्या माणसाने गुपित ठेवायला सांगितलं तर ते घरी सांगायचंच, हे तिच्याशी पुन्हा पुन्हा बोला. चाइल्डलाइनचा ०८०० ११११ हा नंबर तिला पाठ हवा. तुमच्यासाठी एनएसपीसीसीचा ०८०८ ८०० ५०००.

तुमच्या पुण्याच्या ग्रुपचंही बोलायला हवं, कारण तुम्ही निघालात तरी मुलं तिथेच आहेत. आपल्याकडे कायदा नाही असं कृपया समजू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या कुणालाही ती पोलिसांना द्यावीच लागते. न देणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दलची माहिती दडवली तर एक वर्षापर्यंत. २०२० च्या नियमांनी मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांवर, त्यात क्रीडा अकादमीही आल्या, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी बंधनकारक केली. पण नियमातले शब्द कर्मचाऱ्यांपुरते आहेत. एक पैसाही न घेणारा दादा त्यात स्पष्टपणे बसत नाही, आणि आपले ट्रेकिंग ग्रुप, ढोल पथकं, नाट्यशिबिरं तर त्याच दादांवर चालतात. दोन मोठी माणसं नेहमी, वेगळी झोपण्याची जागा, खासगी मेसेज बंद, तक्रार ऐकायला ग्रुपबाहेरची एक व्यक्ती: एवढं तरी तुम्ही निघण्याआधी कागदावर उतरवून कमिटीत मंजूर करून घ्या. त्याला कायद्याची वाट बघावी लागत नाही, पैसेही लागत नाहीत. भिंतीवर १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर लावा.

शेवटचं, आणि हे या आठवड्यातच करा. नऊ वर्षांची मुलगी स्काउट्सच्या 'कब्स' गटात जाईल, तो आठ ते साडेदहा वर्षांचा असतो. बऱ्याच ठिकाणी वेटिंग लिस्ट असते. घर कुठल्या भागात घेणार ते ठरलं की तिथल्या ग्रुपचा ऑनलाइन फॉर्म पुण्यातूनच भरा आणि त्यात तुमची स्वतःची काम करायची तयारी आहे हेही लिहा. मोठ्या माणसांची त्यांना कायम चणचण असते, त्यामुळे उत्तर लवकर येईल. पीसीसीची स्कॅन कॉपी हाताशी ठेवा, त्यांनी विचारली की लगेच पाठवता येईल.