मैदानातून : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरे

प्रश्न : ताई, मी ३१ वर्षांचा आहे. चोपड्याला वडिलांच्या केळीच्या व्यापारात असतो. आठ वर्षं जिल्ह्याच्या बास्केटबॉल संघातून पॉइंट गार्ड (चेंडू पुढं नेऊन खेळ मांडणारा) म्हणून खेळलो, पण राज्याच्या निवडीत दोनदा नाव मागं पडलं. आता इथल्या एका शाळेनं सतरा वर्षांखालच्या मुलांचा संघ सांभाळशील का म्हणून विचारलंय. मित्र म्हणतात, पाय चालतायत तोवर खेळून घे. सर्बियाच्या झेल्को ओब्रादोविचनं राष्ट्रीय संघाची तयारी अर्ध्यावर सोडून प्रशिक्षकपद घेतलं, असं वाचलं. हे खरं आहे का? आणि माझ्यासारख्या साध्या खेळाडूचं मुलं ऐकतील का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, खरं आहे. आणि तेव्हा त्याचं वय तुझ्याइतकंच होतं, ३१.

साल १९९१. ओब्रादोविच युगोस्लाव्हियाच्या (सर्बिया तेव्हा त्याचाच भाग होता) संघाबरोबर रोमला होणाऱ्या युरोपियन स्पर्धेची तयारी करत होता. आदल्याच वर्षी अर्जेंटिनात हा संघ जगज्जेता झाला होता आणि त्यात तो होता. १९८८च्या सोलचं ऑलिम्पिक रौप्यही त्याच्याकडे होतं. म्हणजे रोमला नुसता गेला असता तरी आणखी एक पदक गळ्यात पडण्यासारखं होतं, आणि त्या संघानं तिथं सुवर्ण जिंकलंही. पण बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबनं, ज्याच्याकडून तो १९८४पासून खेळत होता, त्याला विचारलं : प्रशिक्षक होतोस का? तो निघून आला. खेळणं तिथंच थांबलं.

तू त्याला मोठा खेळाडू समजतोयस, म्हणून सांगते. त्या संघाच्या पिढीत पेत्रोविच, कुकोच, दिवाच असे जगभर नावाजलेले खेळाडू होते. चाचाक नावाच्या लहान शहरातला, तिथल्या बोरात्स क्लबात घडलेला हा पॉइंट गार्ड त्यांच्या रांगेतला नव्हता. पोस्टर लागावं असा खेळाडू तो नव्हे. पुढं प्रशिक्षक म्हणून मात्र त्यानं पाच वेगवेगळ्या क्लबांना मिळून नऊ वेळा युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं. दुसऱ्या कुणालाच इतकं जमलेलं नाही. तेव्हा मुलं ऐकतील का, ही काळजी सोड. राज्याचं प्रमाणपत्र पाहून मुलं फार तर आठवडाभर ऐकतात.

मला त्याचा पहिला हंगाम फार जवळचा वाटतो. देशात युद्ध पेटलेलं. घरचे सामने घरी खेळायची मुभा नाही, म्हणून पार्टिझाननं स्पेनमधल्या माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादा शहराला आपलं घर मानलं आणि तिथल्या लोकांनीही परक्या पोरांना आपलं म्हटलं. अख्ख्या हंगामात युरोपचा एकच सामना बेलग्रेडला मिळाला. संघ तरुण, प्रशिक्षक नवखा. १९९२च्या एप्रिलमध्ये इस्तंबूलला अंतिम सामना, समोर स्पेनचा जुव्हेंतुत बादालोना. अखेरच्या सेकंदांत जुव्हेंतुत ७०-६८ असा पुढं. चेंडू साशा जॉर्जेविचच्या हातात आला, तो मैदानभर धावत गेला आणि तोल सांभाळत थ्री मारला, म्हणजे लांबून तीन गुणांची बास्केट. ७१-७०. दोनच वर्षांनी, १९९४ला, ओब्रादोविचनं युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं ते याच हरलेल्या जुव्हेंतुतला!

आता एक गोष्ट नीट बघ. जॉर्जेविचही पॉइंट गार्ड. आदल्या हंगामापर्यंत दोघं एकाच संघात, एकाच जागेचे. ज्या जागेवर आपण खेळलो, त्याच जागेवरच्या धाकट्याच्या हातात शेवटचा चेंडू आहे आणि आपण बाकावर. हे सोसता आलं पाहिजे. तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर इथंच आहे : शाळेला हो म्हण, पण खेळणं थांबवून. सकाळी मुलांना शिकवायचं आणि संध्याकाळी स्वतःच्या सामन्याचा विचार करायचा, असं दोन्हीकडे पाय ठेवून होत नाही.

हे मी अनुभवावरून सांगते. अमळनेरला शाळेत पी.टी.ची शिक्षिका म्हणून लागले तेव्हा मी अजून खेळत होते. सरावात मुलींना ले-अप (धावत जाऊन जवळून बास्केट करणं) दाखवायचा म्हणून चेंडू घ्यायचे आणि तो माझ्याच हातात राहायचा. मुलींना आवडायचं, टाळ्या वाजवायच्या. मला वाटायचं, शिकवणं छान चाललंय. आमच्याकडे निवृत्तीला आलेले एक गुरुजी होते, व्हॉलीबॉलचे. एक दिवस ते हजेरीची वही घेऊन पायरीवर बसले आणि तासभर फक्त रेघा ओढत राहिले. शेवटी वही माझ्यापुढं धरली. माझ्या नावापुढं चौऱ्याण्णव रेघा, चेंडूला हात लागला तितक्या. सातवीतल्या एका मुलीपुढं चार. "बेटा, तू खेळी ऱ्हायनी, पोरी देखी ऱ्हायन्यात," एवढंच म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या महिन्यात मी संघातून नाव काढून घेतलं. ती चार रेघांची मुलगी दोन वर्षांनी आमची कर्णधार झाली.

असा पायरीवर बसणारा माणूस तुला लागेल. ओब्रादोविचकडे अलेक्झांडर निकोलिच होते. सगळे त्यांना 'प्रोफेसर' म्हणत. १९७८ला युगोस्लाव्हियाला जगज्जेता करणारे, त्याआधी इटलीच्या वारेझेला तीनदा युरोपचं विजेतेपद मिळवून देणारे. त्या पहिल्या हंगामात ते सल्लागार म्हणून त्याच्या पाठीशी होते. क्लबनं ३१ वर्षांच्या पोराला एकट्याला पुढं ढकललं नाही, हे लोक सांगायचं विसरतात. तुझ्या तालुक्यात बास्केटबॉलचा कुणी नसेल तर खो-खोचा, कबड्डीचा जुना शिक्षक शोध. सराव कसा वाया जातो हे त्याला दिसतं, खेळ कोणताही असो.

कागदांचंही बघ. शाळेत कायम क्रीडाशिक्षक व्हायचं तर बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) लागेल. नुसतं प्रशिक्षण करायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आधी कर, वर्षभराच्या पदविकेचं नंतर पाहू. केळीची कापणी वडील तेवढे दिवस सांभाळतील, विचारून बघ. आणि एप्रिल-मे महिन्यात सराव साडेपाचला सुरू करून साडेसातला संपव. आपल्याकडच्या उन्हात सिमेंटचं कोर्ट नऊ वाजता तव्यासारखं तापतं.

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी सरावाहून रडत येते. प्रशिक्षक ओरडतात. ते म्हणतात, टीव्हीवर बघा, युरोपातले मोठमोठे प्रशिक्षकही ओरडतात. मी काय करू?
— एक आई, धुळे

उत्तर : ओब्रादोविचही टाइमआउटमध्ये ओरडतो, चेहरा लालबुंद होईपर्यंत. पण त्याच्यासमोर उभी असतात ती पगार घेणारी मोठी माणसं. तुमची मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला एकच विचारा : सर ओरडले ते कशासाठी? "मी पास उशिरा दिला" असं सांगता आलं तर ती काहीतरी शिकतेय, थोडं थांबा. "माहीत नाही" म्हणाली तर दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः मैदानावर जा, तासभर बसा आणि नंतर सरांशी बोला. मुलीसमोर नको.