माणसाची समज लहानपणापासून कशी वाढत जाते? ती उपजत असते की शिकवून येते?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमचा साडेचार वर्षांचा मुलगा ‘चंद्र माझ्या मागनं येतोय’ म्हणतो, चंद्र फार लांब आहे म्हणून कितीही समजावलं तरी त्याला पटत नाही, आणि त्यावरून तुम्हाला हा सगळा प्रश्न पडला. पोरगं मागे पडलंय का, ही धास्तीही त्यात दिसते. ती आधी काढून टाका. या वयाची पुष्कळ मुलं असंच म्हणतात. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी मुलांना चंद्रसूर्याबद्दल विचारलं, तेव्हा तिकडच्या मुलांनीही तो आपल्याबरोबर चालतो असंच सांगितलं होतं.

आता मूळ प्रश्न. मी कोल्हापुरात एकतीस वर्षं प्राथमिकला शिकवलं, त्यातली बहुतेक पहिली-दुसरीला. मुलाचा विचार वयानुसार ज्या टप्प्यांतून जातो, त्या पियाजेच्या चार अवस्था मी डी.एड.ला पाठ केल्या होत्या, पेपरात लिहून मार्कही मिळवले होते. पण मुलाच्या डोक्यात विचार तयार कसा होतो, हे मला दुसरीतल्या एका पोराने दाखवलं, तेही नोकरीला बारा वर्षं झाल्यावर.

अंकलेखन चाललं होतं. मी आकडा बोलायचा, मुलांनी वहीत लिहायचा. या पोराची वही घेतली तर एकोणतीसला ३९, एकोणचाळीसला ४९, एकोणपन्नासला ५९, एकोणसाठला ६९. तांबड्या पेनने फुल्या मारत खाली गेले. अशा फुल्या मी तोवर शेकडो वह्यांवर मारल्या असतील. शेवटाला आल्यावर मात्र हात थांबला. एकोणनव्वदला त्याने ९९ लिहिलं होतं आणि नव्याण्णवलाही ९९च.

त्याला टेबलाशी बोलावलं. तो घाबरतच आला, कारण बाईंनी टेबलाशी बोलावलं की पुढे काय होतं ते वर्गाला माहीत होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. एकोणतीस असं का लिहिलंस, विचारलं. हळूच म्हणाला, “तीसाच्या घरातलं न्हवं का बाई?”

मी गप्पच झाले. एकतीस, बत्तीस, तेहतीस, चौतीस. ‘तीस’ ऐकू आलं की डावीकडे तीन लिहायचा, हे त्याने बरोबर पकडलं होतं. ‘एकोण’ म्हणजे नऊ, हे एकोणीसवरून काढलं होतं. कुणी न सांगता त्याने नियम शोधला होता आणि तो पानभर इमानेइतबारे पाळला होता. ‘एकोण’ म्हणजे एक ऊन, एक कमी, ‘उणे’ मधलाच तो ऊन, हे मी वर्गात कधी बोललेच नव्हते. माझं पाठांतर झालं होतं, म्हणून मला तिथे अडचण दिसतच नव्हती.

मग मी फक्त त्या दोन ९९ वर बोट ठेवलं. तो बघत राहिला. ओठ हलायला लागले. “दोन्ही एकच कसं?” हे तो मला विचारत नव्हता, स्वतःशी बोलत होता. सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद, असं बोटांवर पुन्हा पुन्हा मोजलं. मधली सुट्टी झाली, वर्ग डबे घेऊन बाहेर पळाला, हा तिथेच. शेवटी एकोणनव्वदचं ९९ खोडून ८९ केलं, क्षणभर थांबला, आणि खालून वर जात एकेक आकडा स्वतःच दुरुस्त करत गेला. मी एक शब्दही बोलले नाही.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर या पानात आहे. मूल कोरी पाटी घेऊन येत नाही. जे थोडंफार दिसतं, ऐकू येतं, त्यावरून ते नियम बांधतं, त्या नियमाने जग वाचतं, आणि नियम कुठेतरी आपटला की तो मोडून मोठा नियम बांधतं. चुकलेलं उत्तर हा त्या चालू बांधकामाचा नकाशा असतो. (२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा राज्यभर चेष्टा झाली. एकवीस-बावीस मुलांना यायलाच हवं, पण मला ती चेष्टा करवली नाही, कारण ते पोर डोळ्यांपुढे होतं.)

पियाजेचीही सुरुवात चुकांपासूनच झाली. १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये त्याला मुलांच्या बुद्धिचाचण्यांचं काम मिळालं. बरोबर उत्तरं मोजायची सोडून तो चुकीच्या उत्तरांत अडकला, कारण एका वयाची मुलं एकाच तऱ्हेने चुकत होती. पुढे त्याने स्वतःच्या तीन मुलांना पाळण्यातल्या दिवसांपासून बारकाईने बघितलं. त्याचा दुधा-पाण्याचा प्रयोग घरी करून बघा. आमच्याकडे गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरून दूध येतं. नात साडेचारची असताना दोन सारख्या पेल्यांत सारखं दूध घातलं. “सारखंच हाय,” म्हणाली. तिच्यासमोर एका पेल्यातलं दूध उंच ग्लासात ओतलं.

“आता ह्यात जास्ती हाय.”
“मी वाढीव ओतलं का गं?”
“न्हाई.”
“मग?”
“हे उंच हाय की!”

सातवं लागल्यावर तेच परत केलं. माझ्याकडे बघून म्हणाली, “आजी, तेच दूध हाय. ग्लास बारीक हाय म्हणून वर आलंय.” आधी डोळ्यांना एकच गोष्ट दिसत होती, उंची. आता उंची आणि रुंदी दोन्ही एकदम धरता येत होत्या, आणि ओतलेलं मनातल्या मनात परतही ओतता येत होतं. हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

पण पियाजेचं सगळंच बरोबर निघालं असं नाही, आणि मला तर त्याच्यावरची टीका जास्त शिकवून गेली. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडून असाच प्रयोग केला. मोठ्या माणसाने ओळ विस्कटली की लहान मुलं म्हणायची, आता सारखं नाही. तीच ओळ एका खोडकर टेडीने येऊन विस्कटली, तर कितीतरी जास्त मुलांनी ‘सारखंच आहे’ असं बरोबर सांगितलं. मोठं माणूस मुद्दाम काही बदलतं आणि तोच प्रश्न परत विचारतं, तेव्हा मुलाला वाटतं आपलं पहिलं उत्तर चुकलं असणार. वर्गात हे मी रोज बघितलंय. “नक्की?” एवढं म्हटलं की बरोबर उत्तर दिलेलं पोरही उत्तर फिरवतं. मूल गणिताआधी आपला चेहरा वाचत असतं.

उपजत काय असतं, हेही पियाजेने कमी धरलं होतं. त्याच्या मते आठ-नऊ महिन्यांपर्यंत बाळाला झाकलेली वस्तू नसल्यातच जमा. १९८७ मध्ये रेने बायार्जों हिने चार महिन्यांच्या आसपासच्या बाळांना एक खोका दाखवला, त्याच्यापुढे फळी उभी करून तो झाकला आणि मग फळी मागे पाडली. फळी खोक्याला अडायला हवी. ती खोका नसल्यासारखी सपाट पडली, तेव्हा बाळं जास्त वेळ टक लावून बघत राहिली. म्हणजे डोळ्यांआड गेलेल्या खोक्याचा काहीतरी हिशोब त्यांच्याकडे होता.

आणखी एक, जे आपल्याला चटकन समजेल. आपला ‘त’ आणि ‘ट’ इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला वेगळे ऐकू येणं अवघड जातं. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात दाखवलं, की इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले हे दोन आवाज वेगळे कळतात, आणि वर्षाचं होईपर्यंत बहुतेकांची ती क्षमता जाते. आपल्या घरातल्या बाळाची टिकते, कारण ‘ताट’ आणि ‘टाच’ त्याच्या कानावर दिवसभर पडत असतात. उपजत की शिकवून, असे दोन ढीग करता येत नाहीत ते यामुळे. कुवत घेऊन बाळ येतं, त्यातली कुठली ठेवायची ते घर ठरवतं.

भाषेतही तेच नियम बांधणं चालतं. नात दोन वर्षांची असताना ‘केलं’ नीट म्हणायची. तिसऱ्या वर्षी ‘करलं’ म्हणायला लागली. सून म्हणाली, मुलगी विसरायला लागली. उलट होतं! आधी ऐकलेला शब्द जसाच्या तसा म्हणत होती, आता बस-बसलं, धर-धरलं यातून नियम तिच्या हाताला लागला होता आणि ती तो ‘कर’ला लावत होती. ‘करलं’ घरात कुणीच म्हणत नाही, तेव्हा ते ऐकून आलेलं नव्हतं. शिवाय इथल्या बायका ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात, सून नागपूरची, ती ‘मी आले’ म्हणते. पोरगी माझ्याशी ‘आलो’ आणि आईशी ‘आले’ बोलायची. तीन वर्षांची असताना, एकदाही न गोंधळता.

मग शिकवणाऱ्याचं काम काय उरतं? खूप उरतं. आमच्या पेठेतल्या तालमीत बघितलंय, वस्ताद नव्या पोराला फार तगडा जोड देत नाहीत आणि हलकाही देत नाहीत. थोडा वरचढ देतात, आणि डाव अडला की हात धरून एकदा फिरवून दाखवतात. लेव्ह व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने नेमकं हेच मांडलं: मुलाला एकट्याने जमतं आणि कुणाच्या मदतीने जमतं, या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात शिकणं होतं. १९३४ मध्ये क्षयाने गेला तेव्हा तो अवघा ३७ वर्षांचा होता. भातुकली खेळताना पोरं स्वतःशी मोठ्याने बोलतात ना, “आता भात ठिवायचा, मग आमटी”? तेच बोलणं पुढे आत वळतं आणि विचार होतं, असं त्याचं म्हणणं. माझ्या टेबलाशी पुटपुटणारं ते पोर आठवा.

आणि समज कुठे वाढते, यालाही महत्त्व आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात बाजारात माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये छापला गेला. गिऱ्हाईक म्हणून हिशोब विचारला तर त्यांची ९८ टक्क्यांहून जास्त उत्तरं बरोबर. तेच हिशोब कागदावर नुसते आकडे मांडून दिले तर जेमतेम ३७ टक्के. पस्तीसला एक असे दहा नारळ कितीला, तर एक मुलगा तीनाचे एकशेपाच, आणखी तीनाचे दोनशेदहा, असं करत साडेतीनशेवर पोचला. दहाने गुणायचं म्हणजे शून्य द्यायचं, हे त्याने वापरलंच नाही. हे वाचलं तेव्हा मला कपिलतीर्थ मंडईत आईशेजारी बसून मेथीच्या पेंड्या विकणारी माझी एक विद्यार्थिनी आठवली. वर्गात गुणाकाराला रडायची. तिला मी ‘कच्ची’ म्हणून मागच्या बाकावर बसवलं होतं.

पुढचं थोडक्यात. चार-पाच वर्षांचं झालं की ‘मला माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसू शकतं’ हे मुलाला कळतं, आणि मग खोटंही नीट बोलता येतं. अकरा-बारानंतर ‘असं असतं तर’ असा न बघितलेल्या गोष्टींचा विचार जमायला लागतो. मेंदूचा पुढचा भाग, जो थांबून तोलून ठरवतो, तो पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्का होत असतो, म्हणून सतरा वर्षांच्या हुशार पोरालाही गाडी कुठे हळू घ्यायची ते रोज सांगावं लागतं.

राहिला तुमचा चंद्र. समजावू नका. नातीला आणि शेजारच्या पोराला घेऊन मी मागच्या पौर्णिमेला रंकाळ्यावर गेले. चौपाटीवर एकाला टॉवरकडे चालायला लावलं, दुसरीला उलट्या दिशेने, आणि चंद्र कुणाबरोबर जातो ते बघा म्हटलं. दोघं पळत परत आले. “माझ्यासंगं आला!” “न्हाई, माझ्यासंगं!” जोरात भांडण झालं. घरी येईपर्यंत नात गप्प होती. भेळही अर्धी ठेवली. दोन दिवसांनी भाकरी खाता खाता तिने विचारलं, “आजी, चंद्र दोन हायत व्हय गं?”

मी अजून काही सांगितलेलं नाही. येत्या पौर्णिमेला आम्ही परत जाणार आहोत, या वेळी तिनेच सांगितलंय की आजीनं मधे उभं राहायचं.