मराठीत शब्द अपमानास्पद कधी ठरतो?

कधी शब्दाच्या रूपामुळे, कधी त्यामागच्या इतिहासामुळे. रूपाचं सोपं आहे: ‘म्हातारा’चं ‘म्हातारडा’ केलं की मान उतरला. ‘गणेश’चा ‘गण्या’ मात्र बोलणाऱ्यावर ठरतो. सोलापूरच्या चाटी गल्लीत बालमित्राने हाक मारली तर ती माया, शेठने हमालाला मारली तर पायरी दाखवणं.

इतिहासाचं ओझं जास्त जड. आपल्या सोलापुरातल्या एका वस्तीचं नाव असलेला ‘सेटलमेंट’ हा शब्द घ्या. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, आणि इथे त्यांची कुटुंबं तारेच्या कुंपणात डांबली. लहान लेकरंसुद्धा! कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पत्ता म्हणून ‘सेटलमेंट’ म्हणण्यात गैर काहीच नाही. पण ‘सेटलमेंटचा दिसतोय’ असं चोर या अर्थाने कुणी म्हटलं, की तो रद्द झालेला कायदा त्याच्या तोंडून परत बोलतो. मला हे अजिबात सहन होत नाही. तिथल्या माणसांसाठी ‘विमुक्त’, म्हणजे त्या कायद्यातून मुक्त झालेले, असं म्हणा.

जातीवरून शिवीचं वेगळं. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला त्या वर्गांबाहेरच्या कुणी चारचौघांत तशी शिवी दिली, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे.