पाठ केलेलं धडाधडा, स्वतःचं विचारलं की गप्प

‘वक्तृत्वात बक्षीस आणते, पण साधं मत विचारलं की “माहीत नाही”. हिला विचारच करता येत नाही का?’ सोलापुरातल्या अशोक चौक भागातल्या एका आईची ही काळजी. मुलगी पाचवीत. घरी तेलुगू, शाळेत मराठी. भाषणं आई लिहून देणार, मुलगी घोकणार.

अडचण भाषेची नव्हती, बुद्धीचीही नव्हती. तिला विचारले जाणारे बहुतेक प्रश्न परीक्षा घेणारे. उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक. तिथे गप्प बसलेलंच बरं! त्यात थांबायला कुणाला सवड नसते. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या वर्गांत मोजलं, तर प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबत. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि त्यांत कारणंही येऊ लागली.

अमेरिकन तत्त्वज्ञ मॅथ्यू लिपमन यांनी १९७० च्या दशकात मुलांसाठी तत्त्वचिंतनाची पद्धत रुजवली. तिचंच घरगुती रूप या आईला सुचवलं. आठवड्यातून दोनदा, २० मिनिटं. शेजारपाजारची धरून पाच मुलं, सतरंजीवर गोल बसलेली. आईने तीन ओळींचा प्रसंग सांगायचा, प्रश्न मुलांनी काढायचे, त्यातला एक निवडायचा. ‘मला वाटतं’च्या मागे ‘कारण’ हवंच. पटलं नाही तर आधी दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, मग ‘मला तसं वाटत नाही’. तेलुगूत सुचलं तर तेलुगूत.

पहिल्या दोन बैठका फसल्या. ‘खोटं बोलावं का?’ याला पाचही जण ‘नाही’ म्हणाले आणि चार मिनिटांत सगळं आटोपलं. सुविचाराच्या फळ्यावरचा प्रश्न दिला की फळ्यावरचंच उत्तर येतं. दुसऱ्या वेळी आईच्या तोंडून ‘शाब्बास’ निघालं. बाकीच्यांनी तेच उत्तर गिरवलं.

तिसऱ्या वेळी विषय पाण्याचा, इथल्या पोरांच्या रोजच्या ओळखीचा. नळाला पाणी आलं, शेजारच्या आजींना जाग आली नाही, त्यांचे हंडे रिकामे राहिले. मुलांचा प्रश्न: आपण पाणी द्यायलाच हवं का? ‘हो’ आलंच. मग आईने ठरल्याप्रमाणे विचारलं, ‘“द्यायलाच हवं” आणि “दिलं तर चांगलं”, दोन्ही एकच का?’ मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगमध्ये पुढचे अकरा सेकंद नुसता पंख्याचा आवाज आहे. नंतर मुलगी अडखळत म्हणते, ‘द्यायलाच लागत असेल तर ती मदत कसली? पण आजी तहानलेल्या असतील तर... मग वेगळं.’ आईने इथे निष्कर्ष काढून दिला नाही. सगळ्यात अवघड काम तेच.

महिन्याभराने वडिलांची तक्रार आली: पोरगी आता प्रत्येक गोष्टीला ‘का’ म्हणते, उलट बोलायला शिकली. खरं तर प्रश्न उद्धट नव्हता, वेळ चुकत होती. शाळेची रिक्षा दारात उभी असताना चर्चा नाही. ‘आत्ता नाही, रात्री बोलू’ म्हणायला हरकत नाही. पण मग रात्री खरंच बोलायचं. आणि आधी समोरच्याचं म्हणणं सांगण्याचा नियम वडिलांनाही लागू.