इथे 'पूर्वग्रह' नको, 'भीड' हवी

सर्वेक्षणात लोक खरं मत न सांगता चारचौघांत बरं दिसेल असं उत्तर देतात आणि त्याने आकडे एका बाजूला कलतात, त्याला इंग्रजीत 'सोशल डिझायरेबिलिटी बायस' म्हणतात. त्याला मराठीत 'सामाजिक इष्टता पूर्वग्रह' म्हणावं का, असं एका वाचकाने विचारलंय. त्यांना 'ब्रॅडली इफेक्ट'वर लिहायचंय. माझं मत विचाराल तर तिथे 'पूर्वग्रह' हा शब्द अजिबात वापरू नका.

१९८२ साली लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय महापौर टॉम ब्रॅडली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे होते. जनमत चाचण्यांत ते पुढे होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकाने तर पहिल्या आवृत्तीत त्यांच्या विजयाचा अंदाज ठळक मथळ्यात छापलाही. प्रत्यक्षात ते सुमारे ९३ हजार मतांनी हरले. (टपाली मतांचाही त्यात मोठा वाटा होता, हे विसरून चालणार नाही.) काही गोऱ्या मतदारांनी विचारणाऱ्याला एक सांगितलं आणि मत दुसऱ्याला दिलं, असा तर्क निघाला. तोच हा 'ब्रॅडली इफेक्ट'.

आता बघा, मनातला वर्णद्वेष हा पूर्वग्रह. तो झाकायला दिलेल्या उत्तराने आकडा एका बाजूला कलतो, तोही पूर्वग्रह? मग 'पूर्वग्रहामुळे पूर्वग्रह दडला' असलं वाक्य लिहायची पाळी येते. आकड्यांच्या बाबतीत 'बायस' म्हणजे नुसता झुकाव. आणि तो येतो कशातून? भिडेतून! यजमानीणबाई पानात तिसरी जिलबी वाढतात आणि आपण 'वा, छान झालीये' म्हणत ती संपवतो, तीच ही भीड. त्यात लबाडी नसते, समोरच्याचं मन मोडवत नाही एवढंच.

भिडेला समोर माणूस लागतो, म्हणूनच हा शब्द इथे चपखल बसतो. १९८९ मध्ये व्हर्जिनियात गव्हर्नरपदाचे कृष्णवर्णीय उमेदवार डग्लस वाइल्डर चाचण्यांत चांगले आघाडीवर होते, पण जिंकले जेमतेम सात हजारांच्या आतबाहेर मतांनी. त्या निवडणुकीच्या अभ्यासात दिसलं, की फोनवर प्रश्न विचारणारा कृष्णवर्णीय असला की गोरे मतदार वाइल्डर यांचं नाव जास्त घेत. म्हणजे नुसता आवाजही भीड घालायला पुरला.

म्हणून 'भिडेपोटी येणारा झुकाव' म्हणा, किंवा सरळ 'भिडेची उत्तरं'. 'सामाजिक दबाव' मला जड वाटतो; दबाव कुणीतरी आणतं, भीड आपल्यालाच पडते. मात्र समोर कुणी नसेल, नुसत्या छापील अर्जावर खुणा करायच्या असतील, तिथे भीड ओढूनताणून आणू नका. तिथे उरते ती लोकलज्जा.