वाचकांचे प्रश्न : वर्गाचं साहित्य फुकट कुठं मिळेल?

प्रश्न : मी ऐरोलीकडच्या महापालिकेच्या मराठी शाळेत दुसरीला शिकवते, वर्गात ४२ मुलं. चार्टपेपर, स्केचपेन, गोंद, गोष्टीची पुस्तकं, सगळं पदरमोड करून आणते आणि घरी बोलणी खाते ती वेगळीच. फुकट कुठं मिळेल का हो? लोकांकडे मागायची लाज वाटते.

उत्तर : बाई, लाज नंतर बघू, आधी मुख्याध्यापकांना विचारा की यंदाचं संयुक्त शाळा अनुदान आलं का आणि कशावर गेलं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे हे पैसे पटावर ठरतात, १०१ ते २५० पट असेल तर ५०,००० पर्यंत, त्याच्या वर हजारापर्यंत ७५,०००. आता यातूनच लाइटबिल, दुरुस्ती, साफसफाई पण भागवायची असते त्यामुळे तुमच्या स्केचपेनचा नंबर शेवटी लागतो हे खरं, पण शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये विषय काढल्याशिवाय तो लागतच नाही.

आता फुकटचं. तुम्ही तर टीटीसी एमआयडीसीच्या, म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या वसाहतीच्या, दारातच बसलाय! रबाळे, महापे, तुर्भे इथल्या छापखान्यांत कागद कापून उरलेल्या जाड पट्ट्या रद्दीत जातात, त्यांची अक्षरकार्डं इतकी मस्त होतात की विकतची नकोत. कापडाच्या दुकानात ताग्यातली पुठ्ठ्याची नळी मागा, वाशी मार्केटमधून फळांचे खोके आणा. आणि फ्लेक्स! गणपती-नवरात्र झालं की मंडळं काढून ठेवतात, त्याची मागची पांढरी बाजू घ्यायची, ऑइलपेंटने १ ते १०० चे चौकोन आखायचे आणि वर्गात अंथरायचं, मुलं त्यावर उड्या मारत बेरीज करतात, आणि मळलं तर ओल्या फडक्याने पुसलं की झालं. झेरॉक्सच्या दुकानातले पाठकोरे कागद मात्र नको, त्यावर कुणाचं आधार कुणाचं पॅन असतं, मुलांच्या हातात कशाला? केमिकलचे डबे, पत्र्याचे तुकडे तर मुळीच नाही.

मोठ्या कंपन्यांचं सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा खर्च म्हणाल तर कायद्याने त्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचाच असतो, पण तुमच्या एका वर्गाच्या गोंदासाठी तिथला माणूस भेटायला वेळ देईल असं मला वाटत नाही. सगळ्या शाळेची मागणी एकत्र करा, मुख्याध्यापकांच्या सहीने द्या. त्यापेक्षा विद्यांजली पोर्टल बरं, केंद्र सरकारने २०२१ मध्ये नव्याने आणलंय, शाळेच्या यूडायस नंबरवर (प्रत्येक शाळेला मिळालेला सरकारी क्रमांक) नोंदणी होते आणि काय हवंय ते टाकता येतं. तिथे ‘शैक्षणिक साहित्य हवे’ असलं मोघम लिहू नका, कुणी ढुंकून बघणार नाही. ‘दुसरीसाठी पाट्या ४२’ असं लिहा, देणाऱ्याला लगेच हिशोब कळतो.

गोष्टीच्या पुस्तकांना तर पैसे घालूच नका, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, डाउनलोड करा, प्रिंट काढा, चालतं. टाकाऊतून खेळणी करायची तर अरविंद गुप्तांची वेबसाइट बघा, तिथे मराठी पुस्तकंही आहेत.

आलेली टिकाऊ वस्तू डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढवायला विसरू नका, नाहीतर बदली झाली की तुमच्याच मागे लागतील.

प्रश्न : आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत दर मे महिन्यात अर्ध्या वापरलेल्या वह्यांचा ढीग निघतो. शाळेला दिला तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण लिहिलेली पानं फाडून, नावाचं लेबल काढून, कोरी पानं शिवून द्या. आणि आधी बाईंना फोन करा हो, त्यांना वह्या नकोच असतील, खडूच हवे असतील.